ससा, परसबाग आणि कुंपण : अहिंसेचा एक व्यवहारी पाठ

निवासी विद्यालयाच्या परसबागेचे मोल ती किती देखणी आहे यावरून ठरत नाही. वसतिगृहाच्या भोजनगृहात शिजणाऱ्या भाजीचा काही वाटा तिथून येतो आणि वनस्पतिशास्त्राचे पहिले धडेही तिथेच गिरवले जातात. ज्या विद्यार्थ्याने मेथीचे बी पेरले, रोज झारीने पाणी घातले आणि वहीत अंकुरांची उंची लिहून ठेवली, त्याला एका सकाळी संपूर्ण वाफा कुरतडलेला दिसतो. तेव्हा त्याच्या मनात दोन प्रश्न उभे राहतात. हे कोणी केले? आणि आता त्याचे काय करायचे? पहिला प्रश्न निरीक्षणाचा आहे, दुसरा नीतीचा. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे एकमेकांत कशी गुंतलेली आहेत, हे सांगण्याचा या लेखात प्रयत्न केला आहे. आपल्यापैकी अनेक माजी विद्यार्थी आणि पालक स्वतः शेतकरी आहेत, घराभोवती भाजीपाला पिकवतात. त्यांनाही हे विवेचन उपयोगी पडावे, अशी अपेक्षा आहे.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात अहिंसेची जी मांडणी केली, ती येथे आधाराला घेतली आहे. हत्येची इच्छा आणि हत्येची गरज या दोन गोष्टी तथागतांनी वेगळ्या मानल्या, असे बाबासाहेब दाखवून देतात. अहिंसा हे तत्त्व आहे, आंधळेपणाने पाळायचा नियम नव्हे. तत्त्व माणसाला विचार करण्याची मोकळीक देते आणि त्याबरोबरच त्या विचाराची जबाबदारीही त्याच्यावर टाकते, असा त्या विवेचनाचा आशय आहे. परसबागेच्या बाबतीत या भेदाचा अर्थ अगदी सरळ लागतो. पीक वाचवणे ही गरज आहे, ती कोणी नाकारत नाही. परंतु चार फूट उंचीच्या जाळीने पीक वाचत असेल, तर प्राण्याला मारण्याची गरज उरत नाही. त्यानंतरही जो मारतो, तो केवळ इच्छेपोटी मारतो. चांगले कुंपण शेताचे रक्षण करतेच, त्याबरोबर हिंसेची सबबही काढून घेते.

एक शब्द, दोन प्राणी

मराठीत ‘ससा’ हा एकच शब्द आपण दोन भिन्न प्राण्यांसाठी वापरतो. पिंजऱ्यात पाळला जाणारा पांढरा, लाल डोळ्यांचा ससा हा मूळचा युरोपातील, इबेरियन द्वीपकल्पातील जंगली सशाचा पाळीव वंशज होय. तो जमिनीत बिळे खोदतो आणि वसाहत करून राहतो. त्याची पिल्ले जन्मतः आंधळी व केसविरहित असतात. आपल्या माळरानावर दिसणारा करड्या-तपकिरी रंगाचा, लांब कानांचा, मानेवर मागच्या बाजूस काळा डाग असलेला ससा हा निराळा प्राणी आहे. शास्त्रीय परिभाषेत त्याला ‘लेपस नायग्रिकोलिस’ म्हणतात. तो बीळ खोदत नाही. दिवसा गवतात किंवा झुडपाच्या आडोशाला अंगाच्या आकाराचा उथळ खळगा करून निश्चल बसतो आणि सूर्यास्तानंतर चरायला निघतो. त्याची पिल्ले अंगावर केस घेऊन आणि उघड्या डोळ्यांनीच जन्माला येतात.

हा भेद पुस्तकी वाटेल, परंतु कुंपणाची सारी रचना त्यावर अवलंबून आहे. परदेशी बागकामाच्या पुस्तकांत जाळी जमिनीत खोल पुरण्याचा सल्ला दिलेला असतो, कारण तिथला ससा खोदून आत शिरतो. आपल्याकडचा ससा सहसा खोदत नाही; तो फटीतून घुसतो, सैल जाळी खालून उचलून आत सरकतो, आणि वेळ आली तर चांगली उंच उडी मारतो. म्हणून आपल्याकडे खोल चर खणण्यापेक्षा जाळीची उंची आणि तळाची फट यांकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

युरोपीय सशाचा इतिहास या संदर्भात बोधप्रद आहे. इ. स. १८५९ मध्ये ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेसाठी इंग्लंडहून मागवलेले सुमारे दोन डझन ससे आपल्या ‘बार्वन पार्क’ या मालमत्तेत सोडले. काही दशकांत त्यांच्या संततीने त्या खंडाचा मोठा भाग व्यापला. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारने १९०१ ते १९०७ या काळात तीन कुंपणे उभारली. त्यांतील पहिले एकटेच १,८०० किलोमीटरहून लांब होते. परंतु काम पूर्ण होण्यापूर्वीच ससे त्या रेषेच्या पलीकडे पोहोचले होते. पुढे १९५० मध्ये मिक्सोमॅटोसिस या रोगाचा विषाणू सशांमध्ये मुद्दाम पसरवण्यात आला. त्याने कोट्यवधी ससे मेले, आणि जे तगले त्यांच्यात त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती वाढत गेली. एका माणसाच्या हौसेची किंमत एका खंडाने मोजली. आपल्या सशाची गोष्ट तशी नाही. तो या भूमीचाच रहिवासी आहे. कोल्हा, खोकड, लांडगा, रानमांजर, गरुड आणि मोठी घुबडे त्याची संख्या आटोक्यात ठेवतात. त्याचा समूळ नाश करण्याचा प्रश्न आपल्यापुढे नाही. त्याने चार गुंठ्यांच्या आत येऊ नये, एवढीच आपली मागणी आहे.

नुकसान कोणी केले?

कुंपणाचा विचार करण्यापूर्वी नुकसान खरोखर सशानेच केले आहे का, हे तपासले पाहिजे. इतिहासाच्या विद्यार्थ्याला जसा पुरावा, तसाच तो बागायतदारालाही आवश्यक आहे.

सशाला वरच्या जबड्यात पुढील दातांच्या दोन जोड्या असतात, एकीमागे एक. त्याचे दात धारदार असल्यामुळे कोवळा दांडा तिरका आणि स्वच्छ कापला जातो. जणू कोणी चाकू फिरवला आहे. शेळी, गाय आणि हरीण यांना वरचे पुढचे दात नसतात. ते पान ओढून तोडतात, म्हणून त्यांनी खाल्लेल्या देठाची टोके चिरफाळलेली दिसतात. उंदीर-घुशींनी केलेल्या नुकसानीत बारीक दातांच्या खुणा आणि जवळपास बीळ सापडते. रानडुक्कर नांगरल्यासारखी जमीन उकरते. साळिंदर कंद खणून काढते. सशाचे खाणे जमिनीपासून साधारण दीड-दोन फुटांच्या आतच असते.

दुसरी खूण लेंड्यांची. सशाच्या लेंड्या गोल, किंचित चपट्या, कोरड्या आणि गवताच्या तुसांनी भरलेल्या असतात. शेळीच्या लांबट आणि अधिक काळसर असतात. तिसरी खूण पावलांची. ओल्या मातीत मागच्या पायांचे लांब ठसे पुढे आणि पुढच्या पायांचे लहान ठसे मागे दिसतात, कारण उडी मारताना त्याचे मागचे पाय पुढच्या पायांच्या पुढे पडतात.

या तपासणीला एक सामाजिक बाजूही आहे. आपल्याकडे एखाद्याच्या मळ्यातील भाजी नाहीशी झाली की पहिला संशय गावाच्या कडेला पाल ठोकून राहिलेल्या कुटुंबांवर, वस्तीवरच्या पोरांवर किंवा शेळ्या वळणाऱ्या बाईवर घेतला जातो. हा संशय आकाशातून पडलेला नाही. इंग्रज राजवटीने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा करून संपूर्ण समूहांना जन्माने गुन्हेगार ठरवले. तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला, पण कायद्याने घडवलेली नजर तितक्या लवकर पुसली गेली नाही. कापलेला देठ हातात घेऊन तो तिरका आहे की चिरफाळलेला, हे पाहायला शिकलेला विद्यार्थी पुराव्याशिवाय कोणावर बोट ठेवणार नाही. परसबागेतून एवढी एक सवय जरी लागली, तरी त्या बागेने भाजीपेक्षा मोठे पीक दिले, असे मी मानतो.

याच संदर्भात आणखी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. फासेपारधी समाजाचे नावच फाशांवरून पडले आहे. ससे, तितर, लावे पकडण्याचे त्यांचे परंपरागत कौशल्य होते आणि त्यामागे प्राण्याच्या सवयींचे अतिशय सूक्ष्म ज्ञान होते. ससा रात्रीमागून रात्र ठरलेल्या वाटेनेच जातो, कुंपणातील ओळखीच्या फटीतूनच शिरतो, हे त्या ज्ञानातील एक सूत्र. फास लावणाऱ्याला जी फट दिसते, तीच कुंपण बांधणाऱ्याने बुजवायची असते. ज्ञान तेच, हेतू बदलला. एखाद्या मुलाला त्याच्या जातीच्या जुन्या व्यवसायावरून ओळखणे हा अन्याय आहे आणि तो आपल्या आवारात होता कामा नये. मात्र त्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या जमवलेले प्राणिज्ञान हे ज्ञानच आहे, हे मान्य करून पाठ्यपुस्तकाच्या बरोबरीने त्याचा आदर करणे, ही शिक्षणसंस्थेची जबाबदारी आहे.

झळ कोणाला लागते?

सशाने चार वाफे खाल्ले तर मोठ्या बागायतदाराच्या ताळेबंदात त्याची नोंदही होत नाही. ज्यांची जमीन एक-दोन एकर, आणि तीही गावठाणापासून दूर माळाच्या किंवा वनाच्या कडेला, त्यांना मात्र प्रत्येक रोप मोलाचे असते. आपल्या समाजातील अनेक कुटुंबांकडे आज जी जमीन आहे, ती गायरानाची किंवा पडीक म्हणून सोडून दिलेली आहे. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ साली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहांत हजारो स्त्री-पुरुष तुरुंगात गेले, ते अशाच पडीक जमिनीच्या हक्कासाठी. ही जमीन सशाच्या वास्तव्याला लागून असते. उन्हाळ्यात माळावरचे गवत वाळते तेव्हा विहिरीच्या पाण्यावर उभा असलेला हिरवा तुकडाच प्राण्याला दुरून खुणावतो. कष्टाने मिळवलेल्या जमिनीवरचे पीक राखणे हा आपला हक्क आहे, आणि तो बजावताना दुसऱ्या जिवाचा अकारण बळी जाऊ नये, हे आपले शील आहे. या दोन्हींचा मेळ घालण्याची जागा म्हणजे कुंपण.

इतिहासातील दोन दाखले

तथागतांच्या संघातील वर्षावासाची प्रथा आपणा सर्वांना परिचित आहे. तिचा उगम विनयपिटकात सांगितला आहे. पावसाळ्यातही भिक्खू चारिका करीत असल्यामुळे कोवळे गवत आणि पिके तुडवली जातात, बारीक जीव मरतात, अशी लोकांनी तक्रार केली. तेव्हा पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहण्याचा नियम झाला. शेतकऱ्याच्या पिकाची आणि सूक्ष्म जिवांची काळजी येथे एकाच नियमात घेतलेली दिसते. दोघांचे हित परस्परविरोधी मानण्याची घाई तथागतांनी केली नाही.

दुसरा दाखला प्रियदर्शी सम्राट अशोकाचा. दुसऱ्या शिलालेखात तो माणसांसाठी आणि पशूंसाठी औषधी वनस्पती, कंदमुळे आणि फळे जिथे नव्हती तिथे आणून लावल्याचे सांगतो. राज्याभिषेकानंतर सव्वीस वर्षांनी कोरलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी आहे. तीत ‘पंनससे’ असा एक शब्द येतो. त्यात ‘शश’ दडलेला असला, तरी अनेक अभ्यासक त्याचा अर्थ खार असा घेतात. म्हणून अशोकाने सशाला अभय दिले, असे ठामपणे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. मात्र त्याच लेखातील दुसरी आज्ञा निःसंदिग्ध आहे : जिवंत प्राणी असलेला भुसा जाळू नये, आणि विनाकारण किंवा प्राण्यांना मारण्यासाठी वने पेटवू नयेत. आज आपल्याकडे उन्हाळ्यात बांध आणि पडीक पेटवून दिले जातात. संकट आले की सशाचे पिल्लू पळत नाही. ते जमिनीला चिकटून निश्चल बसते. शिकाऱ्यापासून वाचवणारी ही सवय आगीत त्याचा घात करते. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीची ती आज्ञा आजच्या बांधालाही तंतोतंत लागू पडते. बागेभोवतीचे गवत काढायचे असेल तर ते विळ्याने कापावे, आणि कापण्यापूर्वी काठीने हलकेच चाळवून पाहावे.

कुंपण कसे उभारावे?

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. पंचवीस मीटर लांब आणि सोळा मीटर रुंद अशी, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांची परसबाग धरू. तिचा परीघ ब्याऐंशी मीटर होतो. दर अडीच मीटरला एक खांब धरला तर साधारण तेहतीस खांब लागतात. खांब लोखंडी अँगलचे, सिमेंटचे किंवा बांबूचे चालतील. बांबू वापरायचा असेल तर जमिनीत जाणारे टोक आगीवर धरून काळे करून घ्यावे किंवा त्याला डांबर लावावे, म्हणजे वाळवी लवकर लागत नाही. खांब दीड फूट खोल पुरावा. कोपऱ्यांवरील खांबांना आतून तिरका आधार द्यावा, कारण जाळी ताणल्यावर सारा ओढा कोपऱ्यांवर येतो.

जाळी जस्ताचा मुलामा दिलेली, बारीक छिद्रांची घ्यावी. कोंबड्यांच्या खुराड्याला वापरतात ती षटकोनी जाळी या कामी योग्य. छिद्र एक इंचाचे, फार तर सव्वा इंचाचे असावे. दोन-अडीच इंच छिद्रांची चेनलिंक जाळी गुरांना अडवते, पण सशाचे पिल्लू तिच्यातून सहज आत जाते. जाळीची रुंदी पाच फूट असावी. त्यातील चार फूट उभी ठेवावी आणि खालचा एक फूट बागेच्या बाहेरच्या बाजूला काटकोनात वळवून जमिनीवर अंथरावा. त्यावर दगड रचावेत किंवा माती घालावी. काही दिवसांत गवत त्यातून उगवते आणि जाळी जमिनीला घट्ट धरून ठेवते. ससा जाळीच्या बुडाशी येऊन वाट शोधू लागतो, तेव्हा त्याचे पाय त्या अंथरलेल्या जाळीवरच असतात, म्हणून तळाची कड त्याला उचलता येत नाही. जाळी आतल्या बाजूला वळवली तर हा लाभ मिळत नाही. पुष्कळ ठिकाणी नेमकी हीच उलट रचना केलेली आढळते.

जाळीच्या वरच्या आणि मधल्या भागातून एकेक जाड तार ओढून घ्यावी आणि बायंडिंग तारेने जाळी तिला बांधावी. सैल जाळी म्हणजे अर्धे उघडे दार.

खऱ्या दाराकडे तर सर्वाधिक लक्ष द्यावे. बहुतेक कुंपणे फाटकापाशीच फसतात. फाटकाखाली चार बोटांची फट राहिली तरी ती सशाला पुरते. म्हणून फाटकाखाली सपाट दगडाचा किंवा लाकडाचा उंबरा बसवावा, फाटकालाही तीच बारीक जाळी लावावी आणि संध्याकाळी ते बंद करण्याची जबाबदारी विद्यार्थ्यांच्या गटांत आठवड्यागणिक वाटून द्यावी. कुंपणाला लागून आतबाहेर दोन-तीन मीटरचा पट्टा गवत कापून मोकळा ठेवावा. उघड्यावर आल्यावर सशाला घुबडाचे आणि कोल्ह्याचे भय वाटते, तो तिथे रेंगाळत नाही. मात्र परिसरातील सारा माळ साफ करू नये. बागेपासून दूर गवताचा एखादा तुकडा राखून ठेवावा; त्याचे खाद्य बाहेर शिल्लक असेल तर कुंपणावरचा ताण कमी होतो.

जाळीचा खर्च परवडत नसेल तर बोरी-बाभळीच्या काट्यांचे कुंपण आजही उपयोगी आहे. ते दरवर्षी नवे करावे लागते आणि तळाशी काटे दाटीने दाबावे लागतात. सजीव कुंपणासाठी सागरगोटा, चिल्हार, करवंद, घायपात ही झाडे चांगली. त्यांना दाट होण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि बुडाशी ती विरळच राहतात, म्हणून सुरुवातीची वर्षे तळाला काट्यांची जोड द्यावी. शेर आणि निवडुंग यांचा चीक डोळ्यांना अतिशय घातक असल्यामुळे जिथे मुले वावरतात तिथे ती झाडे लावू नयेत. अनेक शेतकरी जुन्या साड्या ताणून कुंपण करतात. वाऱ्याने हलणारे रंगीत कापड काही काळ प्राण्यांना बिचकवते, पण सवय झाली की ससा त्याखालून बिनदिक्कत जातो. न्हाव्याकडचे केस, लिंबोळीचा अर्क, सडक्या अंड्यांचे पाणी यांचेही तेच आहे. पहिल्या पावसात वास जातो आणि उपाय संपतो. हे उपाय जाळीला जोड म्हणून चालतील, जाळीला पर्याय म्हणून चालणार नाहीत.

लागवडीची मांडणीही थोडी मदत करते. मेथी, पालक, कोबी, गाजर, हरभरा, भुईमूग यांची कोवळी रोपे सशाला फार आवडतात. ती बागेच्या मध्यभागी घ्यावीत. कांदा, लसूण, मिरची, गवती चहा यांच्याकडे तो सहसा वळत नाही. ती कडेच्या वाफ्यांत लावावीत. भूक तीव्र असताना मात्र आवडनिवड राहत नाही, हे लक्षात ठेवावे.

कुंपणाबाहेर लावलेल्या आंबा, चिकू, सीताफळ यांच्या रोपांना स्वतंत्र संरक्षण लागते. उन्हाळ्यात ससा कोवळ्या खोडाची साल कुरतडतो. पानांत तयार झालेले अन्न सालीतूनच मुळांकडे उतरते. साल चहूबाजूंनी निघाली की मुळे उपाशी राहतात आणि रोप वाळते. प्रत्येक रोपाभोवती दोन-अडीच फूट उंचीचा जाळीचा गोल पिंजरा करावा आणि तो खोडापासून वीतभर दूर ठेवावा, म्हणजे जाळीतून तोंड खुपसूनही सालीपर्यंत दात पोहोचणार नाहीत.

जे करू नये

कुंपणाच्या तारेत विजेच्या खांबावरून थेट प्रवाह सोडण्याचा प्रकार खेड्यांत अजूनही घडतो. तो गुन्हा आहे, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे ती तार ससा आणि माणूस यांत फरक करीत नाही. पहाटे शेतात निघालेला शेतमजूर, लाकडे वेचणारी बाई, चेंडूमागे धावणारे मूल या तारेने मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. सौर कुंपण म्हणून विकली जाणारी मान्यताप्राप्त यंत्रे अतिशय अल्पकाळाचे, मधूनमधून येणारे झटके देतात. त्यांची गोष्ट वेगळी. पण चार गुंठ्यांच्या शाळेच्या बागेला तीही नकोत.

रानडुकरांना आणि सशांना पळवण्यासाठी बांधावर फोरेट हे दाणेदार कीटकनाशक टाकण्याची सवय अनेकांना आहे. बाजारात ते ‘थायमेट’ या नावाने अधिक परिचित होते. अत्यंत विषारी असल्यामुळे केंद्र सरकारने २०२० अखेरपासून त्यावर बंदी घातली आहे. घरात जुना साठा उरला असेल तर तो परसबागेच्या जवळही आणू नये. ज्या मातीतली भाजी मुलांच्या ताटात येणार आहे, तिच्यात विष मिसळणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

फास आणि जाळी लावून ससा पकडणे वा मारणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार दंडनीय अपराध आहे. शिवाय फास कोणाला अडकवायचे ते निवडत नाही. त्यात मोर सापडतो, घोरपड सापडते, कधी शेजाऱ्याचे कुत्रेही.

ससा आत शिरलाच तर त्याच्यामागे कुत्री सोडू नयेत. फाटक उघडे ठेवावे, समोरच्या टोकाकडून दोन-तीन जणांनी सावकाश चालत यावे. तो आपली वाट आपण शोधतो. तो कोणत्या फटीतून आला ती त्याच दिवशी शोधून बुजवावी. गवतात एकटे बसलेले पिल्लू दिसले तर ते अनाथ आहे असे समजून उचलून आणू नये. सशाची मादी दिवसभर पिल्लापासून दूर राहते, म्हणजे शिकाऱ्याला तिच्या मागावरून पिल्लाचा ठाव लागत नाही. अंधार पडल्यावर ती दूध पाजायला येते. आपल्या दयाळूपणाने उचलून आणलेले पिल्लू बहुधा दगावते. करुणेला ज्ञानाची जोड नसेल तर तिच्या हातूनही हिंसा घडते, म्हणूनच धम्मात प्रज्ञा आणि करुणा यांचा उल्लेख एकत्र होतो.

पालक व माजी विद्यार्थ्यांना विनंती

कुंपण एकदा उभारले म्हणजे काम संपले, असे होत नाही. पावसाळ्यानंतर माती खचते, खांब हलतात, जाळी गंजते. दर महिन्याला एकदा संपूर्ण परिघाभोवती फिरून तळाची कड पायाने दाबून पाहावी आणि आढळलेली प्रत्येक फट वहीत तारखेसह लिहावी. वर्षभराच्या नोंदी हाती आल्या की कोणत्या महिन्यात, कोणत्या बाजूने उपद्रव होतो हे कळते आणि पुढील वर्षी दुरुस्ती त्यापूर्वीच करता येते.

ज्या माजी विद्यार्थ्यांच्या गावी माळाला लागून शेती आहे, त्यांनी आपल्या भागातील अनुभव, वापरात असलेली कुंपणे आणि त्यांच्यासाठी लागणारी झाडे यांची माहिती विद्यालयाकडे लिहून पाठवावी. सागरगोट्याच्या बिया, करवंदाची रोपे, घायपाताची पिल्ले कोणाकडे असतील तर जूनच्या आरंभी ती आणून द्यावीत. ज्यांना सुतारकाम वा वेल्डिंगचे काम येते त्यांनी फाटकासाठी एक दिवस द्यावा. आजी-आजोबांना प्राण्यांच्या वाटा, सवयी आणि पावले यांविषयी जे ठाऊक आहे, ते त्यांनी विद्यार्थ्यांना जरूर सांगावे. विद्यार्थी ते लिहून घेतील आणि सांगणाऱ्याचे नाव त्या नोंदीखाली आदराने लिहितील. जाळीचे काम मृग नक्षत्रापूर्वी पूर्ण झाले, तर पहिल्या पावसाची पेरणी सुरक्षित राहील.